गॉथिक शिकताना: आधी वजन बघा, मग खिडक्या

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षी तोंडी परीक्षेत मी गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या मोठ्या चर्चांची शैली, घडाघडा म्हणून दाखवलं होतं. टोकदार कमान, रिब व्हॉल्ट (दगडी फासळ्यांवर पेललेलं कमानदार छत), फ्लाइंग बट्रेस (भिंतीला बाहेरून दिलेला कमानीचा टेकू), रंगीत काचा, चारही झाले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे ऐकून घेतलं, समोर पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचं सेक्शन, म्हणजे उभा छेद, ठेवलं आणि माझ्या हातात पेन्सिल दिली. म्हणाले, "छताचं वजन जमिनीपर्यंत कसं जातं, रेघ मारून दाखव." माझी रेघ खांबाच्या डोक्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. मार्क किती पडले ते सांगत नाही.

म्हणून हा विषय नव्याने घेणाऱ्यांना मी पहिली गोष्ट सांगतो ती ही, की याद्या पाठ करू नका. करकटक घ्या. कागदावर १२ बाय ६ सेंटिमीटरचा आयत काढा. चार खांबांमधला हा एक खण समजा. आता १२ च्या बाजूवर अर्धवर्तुळाकार कमान काढली तर ती ६ उंच होते. ६ च्या बाजूवरची ३ उंच. कर्ण साधारण १३.४, म्हणजे त्यावरची कमान ६.७. एकाच खणात तीन कमानी आणि तिघींची उंची वेगळी! छत कुठे टेकवायचं? गोल कमानीच वापरायच्या तर गवंड्यांना एक तर खण चौरस धरावे लागत, नाही तर बुटकी कमान काठीवर चढवल्यासारखी उचलून घ्यावी लागे. टोकदार कमानीत दोन चाप एकमेकांना टेकवायचे असतात, त्यामुळे रुंदी तीच ठेवून टोक हवं तेवढं वर नेता येतं. शिवाय तिचा बाहेरच्या बाजूला बसणारा रेटाही कमी. हे स्वतः काढून बघायला वीस मिनिटं लागतात. मला वर्गात बसून दोन वर्षांत कळलं नव्हतं.

सुरुवात कुठून झाली, या प्रश्नाला ठरलेलं उत्तर आहे: पॅरिसजवळचं सँ-दनी, मठाधिपती सुजेर, ११४४. उत्तर बरोबरच आहे, पण परीक्षेपुरतं. इंग्लंडमधल्या डरहॅमला १०९३ पासून पुढच्या चाळीस वर्षांत दगडी रिबांचं छत उभं राहिलं होतं आणि त्यात टोकदार कमानीही आहेत. सुट्या वस्तू बाजारात होत्या, सँ-दनीला त्यांचा संसार मांडला गेला. सुजेरने स्वतः लिहून ठेवलेली हकिगत जरूर वाचा. एवढ्या लांब तुळया आता मिळायच्या नाहीत असं सुतार सांगतात, तर हा गृहस्थ स्वतः रानात जातो आणि बारा झाडं शोधून काढतो. मात्र ज्याने इमारत रचली त्या मिस्त्रीचं नाव तो कुठेच देत नाही. साहेबांच्या आठवणींत साइटवरच्या माणसाचं नाव नसणं ही जुनीच रीत दिसते.

त्या मानाने इंग्लंडमधल्या कँटरबरीचा जर्व्हेस भला माणूस. ११७४ च्या आगीत चर्चचा पूर्वेकडचा भाग जळाला, तेव्हा फ्रान्समधल्या सान्स गावचा विल्यम कामावर आला. जर्व्हेस तिथलाच साधू. त्याने कुठल्या वर्षी किती खांब उभे राहिले, किती छत झालं, ते क्रमाने टिपून ठेवलंय. ११७८ मध्ये मोठं छत वळवायची तयारी चालू असताना विल्यमच्या पायाखालची परांची मोडली आणि तो खाली आला, त्याच्या मागोमाग दगड आणि लाकडं. काही दिवस त्याने अंथरुणावरून काम चालवून पाहिलं, मग सोडून मायदेशी गेला. सेंटरिंगखाली, म्हणजे छत वळवताना दिलेल्या तात्पुरत्या आधाराखाली, उभं राहिलेल्या कुणालाही ही चार पानं कळतील, त्यासाठी लॅटिन यावं लागत नाही. इंग्रजी भाषांतर मिळतं.

नावाचा घोळही लवकर मिटवून टाका. गॉथ टोळ्यांचा या कामाशी काडीचा संबंध नाही. इटलीतल्या प्रबोधनकाळातल्या लोकांना, विशेषतः सोळाव्या शतकात वसारी या चित्रकार-लेखकाला, ही शैली रानटी वाटली आणि ती शिवी चिकटून बसली. तेराव्या शतकातल्या एका जर्मन बखरीत याच कामाला नुसतं 'फ्रेंच काम' म्हटलंय.

आता प्रवासाबद्दल. पहिल्यांदा जाताय आणि एकच ठिकाण बघणार असाल तर शार्त्रचं कॅथेड्रल. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून गाडीने साधारण तासाभरात. दुर्बीण न्या. मी नेली नव्हती. छत साधारण ३६ मीटरवर आणि खिडक्या त्याच्या जरा खाली, तेव्हा तासाभराने मानेत चमक भरली आणि हाती लागलं ते फक्त 'निळं'. दुसऱ्या दिवशी एका सहप्रवाशाची दुर्बीण मागून घेतली. एका खिडकीच्या तळाशी पाववाले सापडले, पाव विकताना. खिडकी बहुतेकदा खालून वर वाचायची असते हेही तेव्हा समजलं. तोवर मी सगळ्या गोष्टी शेवटापासून वाचत होतो.

तिथेच दक्षिणेच्या बाजूला निळ्या वस्त्रातली मेरी आहे. तिच्याकडे दहा मिनिटं बघा. मधल्या आकृतीचा निळा आणि कडेच्या देवदूतांमागचा निळा यांत फरक आहे. मधली काच बाराव्या शतकातली, ११९४ च्या आगीतून वाचलेली. भोवतालची तेराव्या शतकातली, नव्या चौकटीत तिला बसवताना केलेली. एकाच खिडकीत दोन पिढ्यांचे कारागीर! नंतर बाहेर या आणि मनोरे बघा. एक साधा, बाराव्या शतकातला. दुसऱ्याचं नक्षीदार टोक सोळाव्या शतकातलं. दगडी छताच्या वरचा सांगाडा तर लोखंडी आहे, कारण लाकडी १८३६ मध्ये जळाला. तेव्हा 'शार्त्र कधीचं?' असं विचारू नका. 'शार्त्रचा हा तुकडा कधीचा?' असं विचारा. नोत्र दामवरचे हनुवटीला हात लावून बसलेले प्रसिद्ध राक्षसही मध्ययुगातले नाहीत, ते एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीत आले. मी माझ्या पहिल्या निबंधात त्यांच्यावर दीड पान खर्ची घातलं होतं.

आणखी एक थाप तुम्हाला हमखास ऐकवली जाईल: जुनी काच हळूहळू ओघळते, म्हणून खाली जाड असते. तसं काही नसतं. काच तयार करतानाच कमीजास्त जाडीची व्हायची.

शिल्पाकडे मी उशिरा वळलो, ही माझी चूक. शार्त्रच्या पश्चिम दारावरच्या, ११५० च्या आसपासच्या मूर्ती खांबाला खिळल्यासारख्या उभ्या आहेत. शंभरेक वर्षांत रँसच्या कॅथेड्रलच्या दाराशी पोचलात की तोच दगड मान वळवतो आणि हसतोसुद्धा.

मुंबईकरांनी सरावाला सीएसएमटी आणि राजाबाई टॉवर जरूर काढावेत. हात चालता होतो, कमानी डोळ्यांत बसतात. पण त्या एकोणिसाव्या शतकातल्या हौसेच्या इमारती आहेत. राजाबाईचा आराखडा करणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलाच नाही. तिथे गॉथिक हा पोशाख आहे. वजनाचा हिशोब त्यांच्यावरून शिकायला गेलात तर माझ्यासारखी रेघ अडकेल.

तो हिशोब शिकायचा तर फ्रान्समधल्या बोव्हेच्या कॅथेड्रलला जा. सगळे आमियाँला जातात, तेही सुंदरच आहे, छत ४२ मीटर. बोव्हेवाल्यांनी १२२५ मध्ये काम सुरू केलं आणि ४८ मीटर गाठले. १२८४ मध्ये त्यातला बराच भाग कोसळला. पुन्हा बांधताना खांबांच्या मध्ये आणखी खांब घातले. आत उभं राहून पाहिलं तर कमानी एकाएकी अरुंद झालेल्या दिसतात, त्या यामुळे. एवढ्यावर शहाणे झाले असते, पण सोळाव्या शतकात १५३ मीटरचा मनोरा चढवला. तो १५६९ मध्ये पूर्ण झाला आणि १५७३ मध्ये पडला. लोकांनी बसायचा मुख्य लांब भाग कधी बांधलाच गेला नाही. त्याच्या जागी आजही त्याआधीचं जुनं, बुटकं चर्च उभं आहे. आडव्या भागात अलीकडे लाकडाचे भलेमोठे आधार लावलेत. फोटो काढणाऱ्यांना ते आडवे येतात. मी मात्र त्यांच्याच शेजारी बसलो आणि सेक्शनची झेरॉक्स मांडीवर घेतली. छतापासून रिबांवर, रिबांवरून भिंतीच्या माथ्याला, तिथून बाहेर फ्लाइंग बट्रेसवर, त्याच्या जड खांबावर आणि मग जमिनीत. रेघ खाली पोचली. १२८४ ला ती नेमकी कुठे तुटली यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे, त्यामुळे मी झेरॉक्सवर तीन ठिकाणी प्रश्नचिन्हं करून ठेवली आणि परतीची गाडी पकडली.