पसरणी घाट उतरायच्या आधी ब्रेक ऑइल बघा

पाचगणीहून वाईला उतरताना पाय सारखा ब्रेकवर असतो आणि ब्रेक ऑइल तापतं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि आपल्याकडचा पावसाळा तर माहीतच आहे. नवं डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेलं १५५ च्या आसपासच उकळू शकतं. मग बुडबुडे होतात, पेडल स्पंजासारखं मऊ लागतं आणि खाली जातं. म्हणून गाडी कमी फिरली तरी साधारण दर २ वर्षांनी ते बदलाच. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीत डोकवा: कोऱ्या चहासारखं काळपट दिसलं की गॅरेज गाठा. पातळी उतरली असेल तर नुसतं वरून ओतू नका, आधी ब्रेक पॅड आणि गळती तपासून घ्या. उतारावर गिअर खालचाच ठेवा.