प्रोबायोटिक घेण्यापूर्वी आणि घेताना

प्रोबायोटिक (आरोग्याला उपयोग व्हावा म्हणून घेतले जाणारे जिवंत जिवाणू किंवा यीस्ट) नेमके कशासाठी घ्यायचे आहे, हे आधी ठरवावे. ‘पचन सुधारावे’ किंवा ‘प्रतिकारशक्ती वाढावी’ अशा मोघम हेतूने निरोगी माणसाने ते रोज घेत राहण्याला फारसा आधार नाही. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळण्यासाठी मात्र काही ठराविक प्रोबायोटिकचा उपयोग होतो, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे.

हेतू ठरला की लेबल वाचावे. नुसते ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलेले असेल तर ती माहिती अपुरी समजावी. ‘लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी’ या नावातील पहिला शब्द प्रजातीचा (जीनस), दुसरा जातीचा (स्पीशीज) आणि शेवटची अक्षरे वाणाची (स्ट्रेन) असतात. एका वाणाचा सिद्ध झालेला गुण दुसऱ्या वाणाला आपोआप लागू होत नाही. (२०२० मध्ये वर्गीकरण बदलल्यापासून याच जिवाणूला ‘लॅक्टिकेसिबॅसिलस’ म्हणतात, त्यामुळे दोन्ही नावे आढळतात.) अब्जावधींचा ठळक आकडा पाहून भुलू नये, तो निर्मितीच्या वेळचा आहे की मुदत संपेपर्यंतचा, हे तपासावे, कारण साठवणुकीत जिवाणू मरत जातात.

अँटिबायोटिक चालू असेल तर जिवाणूंची कॅप्सूल त्यानंतर किमान दोन तासांनी घ्यावी. सॅकरोमायसिस बुलार्डी हे प्रोबायोटिक यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, असल्याने अँटिबायोटिकने मरत नाही, बुरशीविरोधी औषधाने मात्र मरते. सुरुवातीला गॅसेस किंवा पोट फुगणे असा त्रास होऊ शकतो. तो बहुधा काही दिवसांत ओसरतो. आतड्याच्या जुनाट तक्रारीसाठी घेत असल्यास साधारण चार आठवड्यांनी फरक पाहावा आणि तो नसेल तर बंद करावे. प्रोबायोटिक घेतल्याने नेहमी लाभच होतो, असे मुळीच नाही: २०१८ च्या एका छोट्या अभ्यासात अँटिबायोटिकनंतर अनेक वाणांचे मिश्रण घेतलेल्यांच्या आतड्यातील मूळचे जिवाणू पूर्ववत होण्यास, काहीही न घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांनी, मोठ्या शिरेत नळी बसवलेल्यांनी आणि गंभीर आजारी रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय प्रोबायोटिक घेऊ नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाही ते परस्पर देऊ नये. ही खबरदारी कागदी नाही. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांवर नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रोबायोटिक घेणाऱ्यांत सुमारे १६ टक्के, तर इतरांत सुमारे ६ टक्के मृत्यू झाले. प्रोबायोटिक चालू असताना थंडी वाजून ताप आल्यास डॉक्टरांना लगेच दाखवावे आणि कोणते प्रोबायोटिक चालू आहे, हे त्यांना वाणासह सांगावे.