बग ट्रॅकर सर्व्हरवर टाकायचं काम अंगावर आलं तर

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, कुठल्याही छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत फ्रेशर म्हणून लागलात की कधी ना कधी हे येतंच, "अगं ते बग ट्रॅकर टाक ना सर्व्हरवर, फुकटातलं काहीतरी बघ." बग ट्रॅकर म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, म्हणजे बग, नोंदवून कोणता कोणाकडे आहे ते बघायची वेबसाइट. सिनियर लोकांना यात रस नसतो कारण क्लायंटला ते दिसत नाही, आणि तोपर्यंत बग व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि एका एक्सेलमध्ये फिरत असतात, त्या फाइलचं नाव फायनल_नवीन_२ असं काहीतरी. माझ्याकडे हे काम वागळेतल्या ऑफिसात आलं आणि माझं स्पष्ट मत आहे की मिळालं तर सोडू नका. वेब सर्व्हर, डेटाबेस, मेल, क्रॉन (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारं), बॅकअप सगळं एकाच कामात हाताखालून जातं, नाहीतर वर्षभर बटणांचे रंग बदलत बसाल.

कुठलं निवडायचं यावर जास्त वेळ घालवू नका. बगझिला पुढच्या तिघांत सगळ्यात जुनं, १९९८ मध्ये नेटस्केपच्या लोकांनी मोझिलासाठी काढलं, भक्कम आहे पण पर्ल भाषेत आहे आणि पर्लची मॉड्यूल्स जमवताना नवीन माणूस कंटाळतो. रेडमाइन छान दिसतं पण रुबी भाषा लागते. आमच्याकडे पीएचपी भाषा येणारे लोक होते म्हणून पीएचपीतलंच मँटिस घेतलं. जे तुमच्या टीममधल्या निदान एका माणसाला उघडून दुरुस्त करता येईल ते घ्या, एवढाच नियम.

इन्स्टॉल करणं तसं सोपं आहे. उबंटूवर (लिनक्स) अपाचे हा वेब सर्व्हर, पीएचपी आणि मारियाडीबी हा डेटाबेस टाकायचा, मँटिसची झिप सोडवायची, ब्राउझरमध्ये इन्स्टॉलचं पान उघडायचं. इथे बहुतेक सगळे एकाच ठिकाणी अडकतात, डेटाबेसचा रूट, म्हणजे सगळे हक्क असलेला युजर, आणि पासवर्ड टाकतात आणि "ॲक्सेस डिनाइड" येतं. पासवर्ड चुकलेला नसतो, उबंटूवर मारियाडीबीचा रूट पासवर्डने नाही तर सिस्टीमच्या रूट लॉगिनने ओळखला जातो, त्यामुळे वेब पानावरून तो आत घेतच नाही. टर्मिनलवर सुडो (रूटच्या हक्काने कमांड चालवणं) लावून आत जा, मँटिससाठी वेगळा डेटाबेस आणि वेगळा युजर बनवा, त्या युजरला फक्त त्याच डेटाबेसचे हक्क द्या आणि तेच पानावर भरा. तसंही ॲप्लिकेशनला रूट कधीच द्यायचा नसतो. दुसरं म्हणजे फोल्डरला ७७७, म्हणजे कोणालाही लिहिता येईल अशी परमिशन देऊन मोकळं होऊ नका, कॉन्फिग (सेटिंगची) फाइल लिहिता आली नाही तर इन्स्टॉलर तो मजकूर दाखवतो, आपल्या हाताने पेस्ट करायचा.

सगळं हिरवं दिसलं की लोक ग्रुपवर "झालं!" म्हणून टाकतात. काही झालेलं नसतं अजून. पहिलं लॉगिन युजरनेम ॲडमिनिस्ट्रेटर, पासवर्ड रूट, हे जगाला माहीत आहे, ते आधी बदला. मग ॲडमिन नावाचा फोल्डर सर्व्हरवरून काढून टाका.

आता मेल. खरी कसोटी इथे आहे, त्यामुळे इथे नीट बसा. मँटिसमध्ये तुम्ही कोणाचं अकाउंट बनवलंत की पासवर्ड ठरवायची लिंक त्याला मेलने जाते, म्हणजे मेल चालत नसेल तर टीममधलं कोणी आतच येऊ शकत नाही आणि सगळे तुमच्या डेस्कभोवती उभे. सुरुवातीची सेटिंग पीएचपीचं स्वतःचं मेल फंक्शन वापरते, त्याला सर्व्हरवर मेल पाठवणारी सर्व्हिस लागते जी नव्या मशीनवर बहुधा नसते, आणि असली तरी तो मेल स्पॅममध्ये जायची शक्यता मोठी. सरळ कंपनीच्या मेलचं एसएमटीपी (मेल पाठवणारा सर्व्हर) लावा, पोर्ट ५८७, टीएलएस म्हणजे एन्क्रिप्शन चालू. गुगलचं मेल असेल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही, टू-स्टेप चालू करून ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. आणि कॉन्फिगमध्ये पाथ म्हणून साइटचा खरा पत्ता लिहा, नाहीतर मेलमधली लिंक लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनवर, जाऊ शकते आणि मग ती फक्त सर्व्हरसमोर बसलेल्यालाच उघडते, म्हणजे कोणालाच नाही! टाइमझोन एशिया/कोलकाता, हे पण तिथेच.

दुसऱ्या दिवशी आमचा टेस्टर म्हणाला, "मॅडम, व्हिडिओ जातच नाहीये." फोनवरचं स्क्रीन रेकॉर्डिंग होतं. मँटिस आपल्याकडून ५ एमबीपर्यंत घ्यायला तयार असतं पण पीएचपीची स्वतःची मर्यादा नुसती २ एमबी असते, ती पीएचपीच्या आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये वाढवायची, तिथेच पोस्टची कमाल साइजही बघायची आणि अपाचे रीस्टार्ट करायचं. अटॅचमेंट मुळात डेटाबेसमध्येच साठतात हेही लक्षात असू द्या, कारण मर्यादा वाढवलीत की बॅकअपही फुगतो.

बॅकअपसाठी रात्री क्रॉनमधून डेटाबेस डंप, म्हणजे सगळ्या डेटाची एका फाइलीत नक्कल, आणि सोबत कॉन्फिग फोल्डर. तो त्याच डिस्कवर ठेवणं म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कुलूप लावणं, दुसऱ्या मशीनवर कॉपी करा. आणि एकदा तरी तो डंप दुसरीकडे रिस्टोर करून बघा, हे कोणीच करत नाही. ऑफिसातच सर्व्हर असेल तर महावितरणचं शटडाऊन आलं की मशीन बंद पडून परत उठतं, तेव्हा अपाचे आणि डेटाबेस आपोआप सुरू होतात का ते मुद्दाम रीबूट करून आधीच तपासा. राउटरवर पोर्ट उघडून ते इंटरनेटवर मात्र आणू नका, घरून लागत असेल तर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) मागा.

मग उरतात माणसं, आणि तो भाग सर्व्हरपेक्षा अवघड. पहिल्याच मीटिंगमध्ये मॅनेजर दहा कस्टम फील्ड मागतो, ब्राउझर, मॉड्यूल, स्प्रिंट, अमुक तमुक, गोड बोलून नाही म्हणा, कारण फॉर्म लांबला की टेस्टर परत व्हॉट्सॲपवर पळतात. एक गोष्ट मात्र ठाम ठरवून घ्या. डेव्हलपर बग "रिझॉल्व्ह्ड" करेल, "क्लोज्ड" फक्त टेस्टर करेल, आणि हे तोंडी न ठेवता सेटिंगमध्येच लावून टाका. आमच्याकडे यावरून बरीच तू-तू मैं-मैं झाली, पण नंतर रिलीजच्या आदल्या संध्याकाळी कोणता बग खरंच सुटलाय हे विचारत फिरावं लागलं नाही.

इंटरव्ह्यूला हे कसं सांगायचं ते पण सांगते. रेझ्युमेवर "मँटिस इन्स्टॉल केलं" एवढंच लिहिलंत तर कोणी ढुंकून बघणार नाही. ऐरोलीच्या एका इंटरव्ह्यूत मला मँटिसबद्दल एक अक्षर विचारलं नाही, विचारलं ते हे की मेल पोचला नाही तर पहिलं कुठे बघशील, आणि बॅकअप चालतो हे तुला कसं कळलं. लॉग कुठे असतात, एसएमटीपीची एरर कशी वाचायची, रिस्टोर करून कसं बघितलं, हे सांगता आलं म्हणून गाडी पुढे गेली. त्यामुळे काम करतानाच कमांड आणि एरर एका टेक्स्ट फाइलमध्ये जशाच्या तशा पेस्ट करत जा, आठवणीवर विसंबू नका.

अपग्रेडचं राहिलं. नवीन व्हर्जन जुन्या फोल्डरवर ओतायचं नाही, शेजारी वेगळ्या फोल्डरमध्ये सोडवायचं, कॉन्फिग फाइल आणि वापरात असलेले प्लगइन तिकडे न्यायचे, बॅकअप घेऊन इन्स्टॉलचं पान परत चालवायचं, ते डेटाबेस नव्या रचनेत आणतं. आणि हो, ॲडमिन फोल्डर नव्या झिपमधून परत आलेला असतो, तो परत उडवा.