ग्रँड कॅन्यनमध्ये पायी कसे उतरावे आणि सुखरूप वर कसे यावे

सह्याद्रीत गड चढणाऱ्या माणसाच्या अंगात एक हिशेब मुरलेला असतो. सकाळी ताज्या दमाने चढायचे, माथ्यावर भाकरी खायची आणि दमलेल्या पायांनी उतरायचे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील ग्रँड कॅन्यनमध्ये हा हिशेब पूर्णपणे उलटा होतो. तेथे माथ्यावर गाडी उभी करून माणूस थंड हवेत हसतखेळत खाली जातो आणि पाय थकले, ऊन चढले, बाटल्या रिकाम्या झाल्या की मग चढ सुरू होतो. दरवर्षी तेथे धडधाकट, तरुण, व्यायामाची सवय असलेले लोक संकटात सापडतात, त्यामागे बहुतेक वेळा हे उलटे गणितच असते. म्हणून पुढील प्रत्येक पायरीत परतीचा चढ आधी मोजलेला आहे आणि उतरण्याचा विचार त्यानंतर केला आहे.

पायरी 1 : कोठवर जायचे ते घरीच ठरवा

दरीच्या दक्षिण कड्यावरून, म्हणजे साउथ रिमवरून, उतरणाऱ्या दोन वाटा नवख्या माणसासाठी योग्य आहेत. दोन्ही रुंद आहेत आणि त्यांची देखभाल नियमित होते. त्यांपैकी ब्राइट एंजल ट्रेल सुमारे 6,860 फूट (2,090 मीटर) उंचीवरून सुरू होते. या वाटेवर दीड मैलावर आणि तीन मैलांवर दगडी विश्रांतिस्थळे आहेत आणि साडेचार मैलांवर (7.2 किलोमीटर) हवासुपाई गार्डन्स ही झाडांची, झऱ्याची जागा लागते. तेथून कोलोरॅडो नदीकाठच्या ब्राइट एंजल मुक्कामतळापर्यंत आणखी पाच मैल जावे लागते. दुसरी वाट साउथ कायबॅब ट्रेल. ती डोंगराच्या सोंडेवरून जाते, त्यामुळे दोन्ही बाजूंना दरी उघडी दिसते आणि देखाव्याच्या दृष्टीने ती निःसंशय सरस आहे. मात्र तिच्यावर पाणी अजिबात नाही आणि सावली नावापुरतीच आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्याने एका दिवसात ब्राइट एंजलवरून तीन मैलांच्या विश्रांतिस्थळापर्यंत किंवा कायबॅबवरून सीडर रिजपर्यंत जाऊन परतावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तीन मैलांच्या टप्प्यावर आपण सुमारे 2,120 फूट (645 मीटर) खाली आलेले असतो आणि जाऊन येण्यास चार ते सहा तास लागतात. सीडर रिज दीड मैलावर, सुमारे 1,140 फूट खाली आहे आणि त्यासाठी दोन ते चार तास पुरतात. हवासुपाई गार्डन्सपर्यंत जाऊन परतायचे असेल, तर सहा ते नऊ तास आणि 3,040 फुटांचा चढ हाताशी धरावा. हे गडावर नियमित जाणाऱ्याला जमते, पण केवळ हिवाळ्यात, वसंताच्या आरंभी किंवा शरद ऋतूत. नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी वर येण्याचा प्रयत्न करू नये, असे उद्यानाचे रक्षक स्वतः बजावून सांगतात आणि विशेषतः मे ते सप्टेंबर या काळात तर तो विचारही मनात आणू नये.

हवासुपाई गार्डन्स या नावाविषयी येथेच सांगतो, कारण जुन्या नकाशांवर ही जागा ‘इंडियन गार्डन’ म्हणून दाखवलेली सापडेल. हवासुपाई या आदिवासी जमातीचे लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या शेती करत होते. 1919 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि 1928 मध्ये त्यांच्यातील शेवटच्या रहिवाशाला तेथून काढून देण्यात आले. 2022 मध्ये त्यांच्या मागणीवरून नाव बदलले. ज्या सावलीत आपण पाणी पिण्यासाठी टेकतो, ती कोणाच्या हातची आहे हे ठाऊक असलेले बरे.

पायरी 2 : ऋतू निवडा आणि तापमान दोन ठिकाणचे पाहा

हवामानाचा अंदाज पाहताना बहुतेक जण कड्यावरचा आकडा पाहतात आणि तेथेच फसतात. जुलैमध्ये कड्यावर दुपारचे सरासरी कमाल तापमान सुमारे 84 अंश फॅरनहाइट (29 सेल्सियस) असते, पण त्याच वेळी तळाशी ते 106 फॅरनहाइट (41 सेल्सियस) असते. खडक तापलेला असल्याने सावलीतही झळ लागते. हवा इतकी कोरडी असते की घाम फुटताक्षणी उडून जातो आणि आपल्याला घाम येतच नाही असे वाटते. कोकणच्या दमट उकाड्यात वाढलेल्या माणसाला हा फसवा कोरडेपणा लक्षात येण्यास वेळ लागतो.

मार्च–एप्रिल आणि ऑक्टोबर–नोव्हेंबर हे महिने सर्वांत चांगले. हिवाळ्यात वाटेच्या वरच्या भागात बर्फ गोठून काचेसारखा होतो, म्हणून बुटांना बांधायचे लोखंडी काटे बरोबर ठेवावेत. जुलै–ऑगस्टमध्ये दुपारी गडगडाटी पाऊस येतो आणि कोरड्या घळींत काही मिनिटांत लोंढा उतरतो.

मुलांकडे अमेरिकेत राहायला येणारे आपल्याकडचे आईवडील नेमके उन्हाळ्यात येतात. त्यांच्यासाठी कड्यावरची रिम ट्रेल आहे. ती बरीचशी सपाट आहे आणि ठिकठिकाणी बसथांबे आहेत. तिच्या एका भागाला ‘ट्रेल ऑफ टाइम’ म्हणतात. तेथे एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे असे माप धरून दरीतील खडकांचे नमुने मांडलेले आहेत आणि नातवंडांबरोबर हळूहळू चालत ते पाहण्यात अर्धा दिवस सहज जातो. केवळ इतक्या दूर आलो म्हणून त्यांना भर उन्हाळ्यात वाटेने खाली नेऊ नये.

पायरी 3 : परवाना, शुल्क आणि वाटांची स्थिती

दिवसभरात जाऊन परतायचे असेल, तर वेगळा परवाना लागत नाही. कड्याखाली तंबू ठोकून मुक्काम करायचा असेल, तर मात्र परवाना आवश्यक आहे. त्यासाठी सरकारी आरक्षण संकेतस्थळावर काही महिने आधी सोडतीत नाव द्यावे लागते. नदीजवळच्या फँटम रँच या मुक्कामस्थळाच्या खोल्यांचीही सोडतच निघते आणि तीही वर्षभराहून अधिक आधी. खासगी मोटारीचे प्रवेशशुल्क 35 डॉलर असून ते सात दिवस चालते. 1 जानेवारी 2026 पासून अमेरिकेबाहेरील रहिवाशांना, वय 16 किंवा अधिक असल्यास, माणशी 100 डॉलर जास्तीचे द्यावे लागतात. भारतातून येणाऱ्या कुटुंबाने हे खर्चात आधीच धरावे.

निघण्याच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर वाटांची आणि नळांची स्थिती पाहावी, जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबू नये. जुलै 2025 मधील ड्रॅगन ब्राव्हो वणव्यात उत्तर कड्यावरील ग्रँड कॅन्यन लॉज जळून गेले. त्यामुळे या काठावरून त्या काठावर जाण्याविषयी आधी लिहिलेले बरेच मार्गदर्शन आता तसेच्या तसे लागू पडत नाही. वाटेवरील नळांना पाणी पुरवणारी नळवाहिनी 1960 च्या दशकातील आहे. ती वारंवार फुटते आणि मग नळ कोरडे पडतात.

पायरी 4 : सॅक भरा

बूट नवे नसावेत. बोटांची नखे कापून जावे, कारण लांब उतारावर ती बुटाच्या टोकाला आपटून काळी पडतात. रुंद काठाची टोपी, हेड टॉर्च, शिट्टी, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या किंवा फिल्टर आणि ओआरएसची पाकिटे घ्यावीत. थंड डोंगरात सुती कपडे टाळावेत असे सांगतात. येथे उन्हाळ्यात उलट सुती सदराच हिताचा आहे, कारण तो भिजवला की बराच वेळ ओला राहतो आणि अंग गार ठेवतो.

खाण्याबाबत मराठी घरातील डबा येथे खरोखर उपयोगी पडतो. खारे शेंगदाणे, चिवडा, तिखट-मिठाच्या पुऱ्या, लिंबाचे लोणचे या सर्वांत मीठ आहे आणि उन्हात भूक मेलेली असतानाही ते घशाखाली उतरतात. नेहमीच्या दिवसाच्या दुप्पट खाणे बरोबर ठेवावे.

पायरी 5 : पहाटे निघा

सकाळी 10 ते दुपारी 4 या वेळात चालू नये हा उद्यानाचा उन्हाळ्यातील सल्ला आहे, त्यामुळे उजाडण्यापूर्वी वाटेला लागावे. साउथ कायबॅबच्या आरंभापर्यंत खासगी गाडी नेता येत नाही. त्यासाठी पहाटे ‘हायकर्स एक्स्प्रेस’ नावाची बस सुटते आणि तिच्या वेळा महिन्यागणिक बदलतात. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळे पुढे करत नाहीत, पण शेजारच्या नवाहो या आदिवासी जमातीच्या प्रदेशात करतात. तिकडून गाडीने येणाऱ्यांच्या फोनवर एक तासाचा फरक राहून बसच्या वेळेचा घोळ होऊ शकतो.

कड्यावर थांबणाऱ्या किंवा घरी असलेल्या एका माणसाला वाट, परत फिरण्याचे ठिकाण आणि वर पोहोचण्याची वेळ लिहून द्यावी. खाली फोन लागेल असे मुळीच धरू नये.

पायरी 6 : उतरताना घड्याळ पाहा

चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ लागतो. सहा तास हाती असतील, तर उतरण्यासाठी केवळ दोन तास आहेत. दोन तास झाले की जेथे असाल तेथून मागे फिरावे, मग ठरवलेले विश्रांतिस्थळ पुढच्याच वळणावर दिसत असले तरीही. सह्याद्रीत माथा जवळ आला की ‘थोडेच राहिले’ म्हणून रेटण्याची सवय असते आणि ती तेथे बहुधा निभावून जाते, कारण पुढे उतार असतो. येथे प्रत्येक जास्तीचे पाऊल परतीच्या चढात जमा होते.

वाटेत खेचरांचा तांडा भेटला, तर कड्यापासून दूर, डोंगराच्या बाजूला उभे राहावे, हाकणाऱ्याचे ऐकावे, बोलू नये, हलू नये आणि शेवटचे खेचर सुमारे 50 फूट पुढे गेल्यावरच चालू लागावे. वर चढणाऱ्या माणसालाही वाट द्यावी. खारींना खाऊ घालू नये. त्या गोजिरवाण्या दिसतात, पण चावतात.

मुक्कामासह नदीपर्यंत गेलात, तर कोलोरॅडोच्या मुख्य प्रवाहात पोहू नये. काठावर ती शांत वाटते, पण तिची ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही आवरत नाही. सदरा भिजवायचा तर ब्राइट एंजल ओढ्यात भिजवावा.

पायरी 7 : पाणी आणि मीठ यांचा मेळ राखा

या पायरीवर सर्वाधिक लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. पाणी कमी पडले तर काय होते हे सर्वांना ठाऊक आहे, परंतु पाणी भरपूर पिऊन मीठ न खाल्ल्याने रक्तातील सोडियम घटते आणि तेही तितकेच घातक असते, हे फार थोड्यांना माहीत असते. घाबरलेला माणूस उन्हात एकामागून एक बाटली रिकामी करतो, घामावाटे गेलेले मीठ भरून निघत नाही आणि मग डोके दुखू लागते, मळमळते, चालताना तोल जातो. सोबत्यांना वाटते की पाणी कमी पडले, म्हणून ते आणखी पाणी पाजतात आणि त्याची अवस्था अधिकच बिघडते.

दोन्हींतील फरक ओळखण्याची एक साधी खूण म्हणजे लघवी. तास-दोन तासांत काय खाल्ले आणि लघवी किती झाली, हे विचारावे. गडद आणि थोडी होत असेल, तर पाणी कमी पडले आहे. पाण्यासारखी स्वच्छ आणि वारंवार होत असेल आणि खाणे झालेले नसेल, तर पाणी थांबवून खारट खायला द्यावे. माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागला, तर कारण कोणतेही असो, घरगुती उपाय करत बसू नये, मदत मागवावी. उष्माघात वाटत असल्यास मदत येईपर्यंत त्याला सावलीत आडवे करावे, कपडे भिजवावेत आणि वारा घालावा.

रोजच्या सवयीसाठी नियम सोपा आहे. तहान लागली की प्यावे आणि प्रत्येक वेळी पाण्याबरोबर काहीतरी खारट खावे.

पायरी 8 : चढ

चढताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटत असेल, तर वेग जास्त आहे. अर्ध्या-पाऊण तासाने पाच-सात मिनिटे बसून पाय उंचावर टेकवावेत, त्याने पुढचा टप्पा खरोखर हलका होतो. नळ सुरू असेल तेथे सदरा आणि टोपी भिजवावी. ऊन फार झाले, तर सावलीत थांबून संध्याकाळी निघावे. हेड टॉर्च त्यासाठीच घेतलेली असते आणि वाट रुंद असल्याने अंधारातही चुकत नाही.

गटातील सर्वांत हळू चालणाऱ्याने पुढे राहावे. त्याला मागे एकटे सोडून तरुणांनी वर जाऊन थांबणे ही आपल्या गटांत सर्रास दिसणारी चूक आहे आणि या दरीत ती जिवावर बेतू शकते. कोणी चालू शकेनासे झाले, तर एकाने त्याच्याजवळ थांबावे आणि इतरांनी जवळच्या आपत्कालीन दूरध्वनीपर्यंत किंवा रक्षकापर्यंत निरोप न्यावा. निरोपात नेमके ठिकाण, वय, लक्षणे आणि जवळ असलेले पाणी सांगावे. हेलिकॉप्टर लगेच येईल असे गृहीत धरू नये, कारण वारा आणि उष्णता यांमुळे ते उडवणे प्रत्येक वेळी शक्य नसते.

वर पोहोचल्यावर खारट काहीतरी खाऊन तासभर बसावे, लगेच फ्लॅगस्टाफ किंवा फीनिक्सकडे गाडी हाकू नये. आणि ज्याला वेळ लिहून दिली होती, त्याला सर्वांत आधी फोन करावा, कारण तो अजून घड्याळाकडे पाहत बसलेला असतो.