ब्रेशिया दिसला की लगेच फॉल्ट लिहू नका

भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला नव्याने आलेल्यांसाठी हे लिहितेय. खडकातले 2 मिलिमीटरपेक्षा मोठे तुकडे गोलसर असले तर काँग्लोमरेट, कोनदार असले तर ब्रेशिया, हे तुम्हाला येतंच. व्हायव्हात पुढचा प्रश्न येतो: तुकडे झाले कशाने?

घाटातल्या रस्त्याच्या कटिंगला कोनदार तुकड्यांचा पट्टा दिसला की वहीत हमखास ‘फॉल्ट ब्रेशिया’, म्हणजे खडक तुटून सरकला तिथला चुरा, असं लिहिलं जातं. मीही सगळ्यात जास्त इथेच अडले. दख्खनच्या बेसाल्टमध्ये तो बहुतेकदा फ्लो-टॉप ब्रेशिया, म्हणजे लाव्हाप्रवाहाच्या माथ्यावरचा, असतो. लाव्हा वाहताना वरचा थर दुधावरच्या सायीसारखा धरतो, खालचा रस सरकतच राहतो आणि ती साय फुटते. म्हणून तुकडे जाळीदार, बरेचदा तांबूस. फटींत झिओलाइट नाहीतर कॅल्साइट ही खनिजं. पट्टा प्रवाहाला समांतर जातो आणि खाली उतरत घट्ट बेसाल्टमध्ये मिसळतो. आ-आ प्रकारात, म्हणजे खडबडीत माथ्याच्या लाव्हात, असा चुरा तळाशीही मिळतो, तेव्हा तळाला दिसला म्हणून गोंधळू नका.

फॉल्टचा पट्टा प्रवाह कापून जातो. त्यात गाभ्यातल्या घट्ट खडकाचेही तुकडे चिरडलेले असतात, मधे गाऊज, म्हणजे खडक दळून झालेली भुकटी, कडेला घासल्याच्या रेघा. म्हणून आधी रस्त्याच्या पलीकडे उभं राहा, पट्टा कुठवर जातो ते बघा, दोन्ही बाजूंचे प्रवाह सरकलेत का ते बघा. हातोडा नंतर.

दुरूनच नाव सांगून मोकळ्या होणाऱ्या सिनियरच्या मागे फिरू नका. ‘कशावरून?’ विचारून पिडणारे सर मिळाले तर त्यांना सोडू नका. नोट्समधले फोटो पाठ करून तर काहीच होत नाही, त्यात पट्ट्याची दिशाच दिसत नाही. पहिले काही महिने सगळं सारखंच दिसेल. घाबरू नका, नजर बसते.

डोंगराच्या पायथ्याशी साचलेल्या दगडांचा ब्रेशिया सोपा. मुंबईतला ज्वालामुखीय ब्रेशिया टफसोबत, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेच्या खडकासोबत, बघा. लोणारला मात्र जपून. तिथे उल्काघाताचा ब्रेशिया आहे, पण विवराच्या भिंतीत साधे लाव्हाप्रवाहही आहेत. आघाताचा पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली मिळतो: प्लॅजिओक्लेज या खनिजाची झालेली काच, म्हणजे मॅस्केलिनाइट. ते अभयारण्य आहे, हातोडा चालवू नका. विभागाच्या संग्रहात लोणारचे पातळ छेद असतील तर मागून घ्या आणि सूक्ष्मदर्शकात क्रॉस्ड निकॉलखाली (दोन्ही ध्रुवक काटकोनात ठेवून) बघा. मॅस्केलिनाइट काळाच राहतो, स्टेज कितीही फिरवा.