जहाज कोण घेतो आणि का घेतो : ऑनलाइन खेळातील बाजाराचा अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी

संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात प्रकल्पाचा विषय निवडायची वेळ आली, तेव्हा बहुतेकांनी शेअर बाजार किंवा शेतमालाचे भाव निवडले आणि मी ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळातील अंतराळ-जहाजांचा बाजार निवडला. सुरुवातीला मार्गदर्शकांना ही थट्टाच वाटली. घरी त्याहून अवघड होते, कारण आमच्या घरात लासलगावची आवक आणि भाव रोज सकाळी चहाबरोबर बोलले जात असत आणि ‘नसलेल्या जहाजांचे भाव’ ही कल्पना वडिलांच्या गळी उतरवणे सोपे नव्हते. पुढे याच अभ्यासाच्या जोरावर मला खेळांच्या अर्थव्यवस्थेशी संबंधित काम मिळाले. या वाटेने येऊ पाहणाऱ्यांनी काय पाहावे आणि मी कुठे फसलो, एवढेच येथे सांगायचे आहे.

आधी खेळाच्या निवडीविषयी. आपल्याकडे ‘जीटीए ऑनलाइन’ अधिक खेळला जातो आणि त्यातील गाड्यांची चर्चाही भरपूर होते, परंतु तेथे गाडीची किंमत कंपनी ठरवते. जुलै २०२२ मध्ये उडत्या ‘ऑप्रेसर मार्क २’ची किंमत कंपनीनेच वाढवली आणि जून २०२३ मध्ये अनेक जुन्या गाड्या खेळातील विक्री-संकेतस्थळांवरून कंपनीनेच काढून टाकल्या. खेळाडूंनी त्यावर कसा प्रतिसाद दिला याचे तपशीलवार आकडे बाहेरच्या अभ्यासकाला मिळत नाहीत. ‘ईव्ह’चे तसे नाही. आइसलँडमधील रेक्याविक येथील ‘सीसीपी’ कंपनीने हा खेळ मे २००३ मध्ये सुरू केला आणि चीनमधील स्वतंत्र सर्व्हर वगळता जगभरचे खेळाडू एकाच विश्वात खेळतात. खनिज काढणारा खेळाडू, त्यातून जहाज बांधणारा खेळाडू, विकणारा खेळाडू आणि ते युद्धात गमावणाराही खेळाडूच, अशी ही साखळी आहे. बहुतांश जहाजांची किंमत या साखळीतूनच ठरते आणि प्रत्येक प्रदेशाची रोजची उलाढाल कंपनी सर्वांसाठी खुली ठेवते. २००७ मध्ये या कंपनीने एयोल्फर गुडमुंडसन या अर्थतज्ज्ञांना खास या बाजाराच्या अभ्यासासाठी नेमले होते, ही गोष्ट मी मार्गदर्शकांना सांगितली तेव्हा कुठे त्यांचा विरोध मावळला.

खेळातील सर्वांत मोठी पेठ म्हणजे ‘द फोर्ज’ या प्रदेशातील जिता. सर्व्हर रोज ग्रीनिचच्या वेळेनुसार ११ वाजता, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचारला, थोडा वेळ बंद होतो आणि त्यानंतर आदल्या दिवसाचा हिशेब उपलब्ध होतो. त्यात प्रत्येक वस्तूचा सरासरी, सर्वोच्च आणि नीचतम भाव, सौद्यांची संख्या आणि विकल्या गेलेल्या नगांची संख्या असते. नवखा अभ्यासक सरासरी भावाचा आलेख काढतो आणि तो चढला की मागणी वाढली, उतरला की मागणी घटली, असे मानून मोकळा होतो. मीही पहिले दोन महिने हेच केले.

ही चूक का आहे ते समजून घ्यायला हवे. या बाजारात सौदा दोन प्रकारे होतो. कोणी विकायला मांडलेले जहाज दुसरा लगेच घेतो, किंवा कोणी कमी भावाने मागून ठेवलेल्या ऑर्डरवर दुसरा आपले जहाज टाकून मोकळा होतो. दोन्ही सौदे एकाच सरासरीत मिसळले जातात. त्यामुळे विक्रीचे नग वाढले आणि सरासरी त्या दिवसाच्या सर्वोच्च भावाजवळ असली, तर लोक घाईने विकत घेत आहेत, आणि तीच सरासरी नीचतम भावाला चिकटली असेल, तर लोक घाईने विकून टाकत आहेत, असे बहुधा समजावे. नगांचा आकडा सारखाच असतानाही दोन दिवसांचा अर्थ अगदी उलटा असू शकतो. एखाद्याने शून्य जास्त टाकून केलेला सौदा सर्वोच्च भाव हास्यास्पद करून ठेवतो, म्हणून एकेका दिवसावर न विसंबता आठवड्याचा मध्यक काढावा. शनिवार-रविवारी खेळाडू जास्त असतात, तेव्हा सोमवारची घट ही मागणीतील घट मानू नये.

परंतु आकड्यांपेक्षा महत्त्वाचा आहे तो जहाज घेण्यामागचा हेतू. या खेळात नष्ट झालेले जहाज परत मिळत नाही. विम्यातून काही रक्कम मिळते, पण प्रगत वर्गातील जहाजांच्या बाबतीत ती किमतीच्या मानाने अगदीच तुटपुंजी असते. म्हणून येथील खरा खप म्हणजे नाश. मोठ्या अलायन्स, म्हणजे खेळाडूंच्या संघटना, आपल्या सदस्यांना कोणते जहाज, कोणत्या शस्त्रांसह आणायचे हे ठरवून देतात, त्याला खेळाडू ‘डॉक्ट्रिन’ म्हणतात, आणि लढाईत गेलेल्या जहाजाची भरपाई अनेकदा अलायन्सच करते. साहजिकच अशा खेळाडूला भाव फारसा टोचत नाही. एकट्याने मोहिमा करणारा मात्र एकदा जहाज घेऊन ते महिनोन्‌महिने वापरतो. एकाच जहाजाचे हे दोन ग्राहक वेगळे काढल्याशिवाय खरेदीचा कल कळत नाही. नाशाच्या नोंदी ‘झेडकिलबोर्ड’ या संकेतस्थळावर सार्वजनिक असतात. खरेदीचे नग आणि नाशाचे नग शेजारी ठेवले, आणि खरेदी वाढूनही नाश वाढला नसेल, तर जहाजे गोदामात चालली आहेत असे समजावे. माझ्या सगळ्या प्रकल्पात एवढी एकच युक्ती खऱ्या अर्थाने उपयोगी ठरली, बाकीची समीकरणे परीक्षकांसाठी होती.

जुन्या उदाहरणांपैकी ‘ड्रेक’ या बॅटलक्रूझरचे, म्हणजे क्रूझरहून मोठ्या आणि बॅटलशिपहून लहान युद्धजहाजाचे, उदाहरण प्रसिद्ध आहे. कमी प्रशिक्षणात चालवता येणारे, भक्कम ढाल असलेले हे जहाज एके काळी ताफ्यांत सर्वत्र दिसे. डिसेंबर २०१२ मध्ये खेळात आलेल्या मोठ्या बदलात त्याच्या जड क्षेपणास्त्रांचा पल्ला आणि मारा कमी करण्यात आला आणि ताफ्यांतील त्याचे स्थान हळूहळू गेले, मात्र एकट्याने मोहिमा करणाऱ्यांनी त्याची साथ सोडली नाही.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील खाणजहाजांचा बदल मला याहून बोलका वाटतो. तोपर्यंत गंभीरपणे खनिज काढायचे तर ‘हल्क’ घ्यायचे, हे जवळपास ठरलेले होते. ‘मॅकिनॉ’ बर्फासाठी आणि ‘स्किफ’ एका दुर्मीळ खनिजासाठी, अशी त्यांची मर्यादित ओळख होती. बदलानंतर हल्ककडे सर्वाधिक उत्पन्न राहिले, स्किफला जाड कवच मिळाले आणि मॅकिनॉला खनिज साठवण्यासाठी प्रशस्त कोठार मिळाले. कागदावर पाहिले तर दर तासाचे उत्पन्न हल्कचेच जास्त होते, आणि आकड्यांवर भरवसा ठेवणाऱ्याने हल्कची मागणी टिकेल असेच म्हटले असते. पण खाणकाम करणारा खेळाडू अनेकदा दुसऱ्या खिडकीत दुसरेच काहीतरी करत असतो, आणि कोठार मोठे असले की त्याला दर थोड्या वेळाने परत येऊन माल उतरवावा लागत नाही. एकट्यादुकट्याने खाणकाम करणाऱ्यांमध्ये मॅकिनॉ झपाट्याने पसरले ते या सोयीमुळे. वैशिष्ट्यांचा तक्ता वाचताना खेळाडूचा हात कीबोर्डवर आहे की चहाच्या कपावर, याचाही विचार करावा, असे मी तेव्हापासून शिकाऊ मुलांना सांगत आलो आहे.

भावाचा तळ कुठे असतो हेही नीट पाहावे. जहाज वितळवून खनिज परत मिळवता येते, त्यामुळे खनिजाचे मोल हा जहाजाच्या भावाचा आधार असे. जुलै २०१४ च्या बदलात वितळवून मिळणारे प्रमाण जेमतेम निम्म्यावर आणले गेले आणि तो आधार खाली सरकला. हा टप्पा ओलांडून दोन्ही बाजूंच्या भावांची थेट तुलना करणारे निष्कर्ष मी अजूनही पाहतो.

आता माझी फजिती. एप्रिल २०२१ मध्ये उद्योगव्यवस्थेतील मोठा बदल आला, ज्यामुळे बॅटलशिप आणि त्याहून मोठी जहाजे बांधायला नवे, महागडे घटक लागू लागले. बदल आधी जाहीर झाला होता. अनुभवी व्यापाऱ्यांनी आपला साठा केव्हाच केला होता, आणि भाव चढू लागल्याचे आलेखात दिसल्यावर मी माझ्याजवळच्या खेळातील सगळ्या पैशांच्या बॅटलशिप घेतल्या. हे वरातीमागून घोडे होते. भाव पुढेही वाढला, पण माझी जहाजे हलेनात, कारण नवा भाव पाहून साधा खेळाडू क्रूझर आणि बॅटलक्रूझरकडे वळला होता आणि जे बॅटलशिपच वापरणार होते त्यांच्याकडे जुना साठा होता. कागदावर मी फायद्यात होतो, व्यवहारात अडकलो होतो. रोजच्या नगांकडे एकदा जरी पाहिले असते तर भाव वर आणि खप खाली, ही कात्री मला दिसली असती. नोकरीच्या मुलाखतीत माझ्या आलेखांवर दोन मिनिटे चर्चा झाली आणि या चुकीवर अर्धा तास. ‘साठ्याचा अंदाज तुम्ही आता कसा बांधाल?’ हा प्रश्न मला तीन वेगवेगळ्या पद्धतींनी विचारला गेला.

प्रत्यक्ष कामासाठी एसक्यूएल, पायथन किंवा आर यांपैकी एक भाषा आणि कालश्रेणीचे प्राथमिक ज्ञान पुरते. त्यापेक्षा एक वही ठेवावी. खेळातील प्रत्येक बदलाच्या दोन तारखा तीत लिहाव्यात, जाहीर झाल्याची आणि लागू झाल्याची, कारण खरेदीची मोठी लाट बहुधा या दोहोंच्या मधल्या दिवसांत येते आणि नुसती दुसरी तारीख पाहणाऱ्याला ती कारणाशिवाय आल्यासारखी वाटते.

अभ्यासासाठी पहिले जहाज म्हणून ‘व्हेंचर’ घ्यावे. ते स्वस्त आहे, नवे खेळाडू खाणकामाला तेच वापरतात आणि रोज भरपूर विकले जाते, त्यामुळे नवख्यांची लाट आली की त्याच्या आकड्यांत ती शोधता येते. टायटनसारख्या प्रचंड जहाजांचे आकर्षण सर्वांनाच असते, पण त्यांचे सौदे थोडे आणि बरेचसे खासगी असतात. व्हेंचरचे किमान सहा महिन्यांचे नग आणि नाशाच्या नोंदी शेजारी मांडून होईपर्यंत त्यांच्याकडे वळू नये.