जॅझ ट्रिओचा बॉक्स सेट काढताय? रेकॉर्डिंगच्या आधी एलपीच्या साईड मोजा

नोकरी, शिकवण्या, जिंगल्स सांभाळून ट्रिओ चालवताय आणि आता तीन-चार अल्बम एका खोक्यात घालून काढायचं मनात आहे, अशांसाठी हे लिहितेय. माइक कुठे लावायचे, मिक्स कसं करायचं हे तुम्हाला येतच असेल, ते सोडते.

आधी एक, साईड प्रोजेक्ट आहे म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका. मुंबईत जॅझ असाच जगलाय. चिक चॉकलेट ताजमध्ये ट्रम्पेट वाजवायचे आणि सी. रामचंद्रांसोबत सिनेमाचं कामही करायचे, गोव्याहून आलेल्या कितीतरी वादकांची चूल सिनेमाच्या रेकॉर्डिंगवर पेटायची. तुम्ही त्याच रांगेत आहात.

आता आमचा ट्रिओ जिथे अडकला ते. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात बॉक्स सेट म्हणजे कीथ जॅरेट (पियानो), गॅरी पीकॉक (बेस) आणि जॅक डिजॉनेट (ड्रम्स) यांचा न्यूयॉर्कच्या ब्लू नोट क्लबमधला, जून 1994, तीन रात्री, रात्रीला दोन बैठका म्हणजे सहा सेट, सहा सीडी. एक सेट एक सीडी, काही कापायचं नाही. ते जमलं कारण सीडीवर 74 ते 80 मिनिटं मावतात. आता सगळ्यांना हवी असते एलपी, म्हणजे व्हायनिलची तबकडी, आणि 33⅓ आरपीएमच्या बारा इंची एलपीवर एका साईडला नीट आवाजात साधारण 18 ते 22 मिनिटंच बसतात. आणि ट्रिओची एकेक ट्यून अकरा-बारा मिनिटांची, म्हणजे दोन ट्यून झाल्या की साईड संपलीच.

"27 मिनिटं पण बसतात की" असं कुणीतरी सांगेल. बसतात, पण कशी ते ऐका. वेळ वाढला की ग्रूव्ह (सुई ज्यातून चालते त्या खाचा) एकमेकांना चिकटून कापावे लागतात, मग लेव्हल खाली आणावी लागते, आणि लेव्हल खाली गेली की तबकडीची खरखर वर येते. त्यात डबल बेसला सगळ्यात जास्त जागा लागते, म्हणजे पहिला मार बेसवाल्यालाच. दुसरी गोष्ट जास्त वाईट. तबकडी फिरते एकाच वेगाने, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 51 सेंटीमीटर ग्रूव्ह सरकतो आणि लेबलजवळ जेमतेम 21. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा, मग हाय फ्रिक्वेन्सी फाटते. मी ड्रम्स वाजवते, आमच्या तिसऱ्या एलपीच्या बी साईडला शेवटी जोरदार फास्ट ट्यून होती, टेस्ट प्रेसिंगवर (तबकड्या छापणारा प्लांट आधी पाठवतो तो नमुना) राईड सिम्बलची, म्हणजे ठेका धरणाऱ्या झांजेची, वाळू झाली होती. परत कटिंग, परत पैसे, आणि प्लांटवाल्यांचं म्हणणं की फाइल तुम्हीच दिली. डिजिटलसाठी केलेला मास्टर (छपाईला द्यायची अंतिम फाइल) तसाच प्लांटला पाठवणं हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही, कोणी कितीही मोठा माणूस सांगू दे.

तेव्हा स्टुडिओत जायच्या आधीच कागदावर साईड आखा. तीन एलपी म्हणजे सहा साईड, म्हणजे ढोबळ दोन तास, त्यापेक्षा जास्त मटेरियल असेल तर चौथी एलपी घ्या किंवा ट्यून डिजिटलवर ठेवा. साईडच्या सुरुवातीला जोरकस ट्यून, शेवटी ड्रम्सवर ब्रशने वाजवलेली संथ बॅलड. बेस मधोमध ठेवा, खालच्या फ्रिक्वेन्सी डाव्या-उजव्या पसरल्या तर सुई उडते. सोलो मधून कापून साईड बसवू नका. तो टेक तिघांनी मिळून वाजवलाय, त्यातल्या एकाचं बोलणं तोडायचं नसतं. घाबरू मात्र नका, हे आधी केलं तर काही अवघड नाही, वहीत तासाभराचं काम आहे.

स्टँडर्ड्स (दुसऱ्यांच्या गाजलेल्या जॅझ रचना) घ्यायची असतील तर सावध. आपल्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 31सी कव्हरसाठी सोपा रस्ता वाटतं, पण त्यात कमी आकडा ठरवून दिलेला नसेल तर दरवर्षी प्रत्येक ट्यूनची किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी भरावी लागते आणि मूळ रचनेत बदलही फारसा चालत नाही. तुम्ही काढणार 300 खोकी, त्यात इम्प्रोव्हायझेशन, कसं जमणार? थेट पब्लिशरकडून परवानगी घ्या. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर 1955 ला गेला म्हणून इथे त्याच्या रचनांची कॉपीराइटची 60 वर्षं संपली हे खरं, पण अमेरिकेत हिशोब वेगळा आहे आणि स्ट्रीमिंग जगभर जातं. माझं मत विचाराल तर पहिल्या सेटमध्ये स्वतःच्या ट्यून्स टाका, आणि कोणाची रचना, कोणाचा किती वाटा हे तिघांनी सही करून ठेवा, दोस्ती असली तरी, नव्हे दोस्ती आहे म्हणूनच.

मेंटॉर शोधताना ज्याने स्वतः लॅकर (जिच्यावरून छपाईचा साचा बनतो ती तबकडी) कापून घेतलंय, टेस्ट प्रेसिंग परत पाठवलंय अशा माणसाला विचारा, मोठं नाव असलेल्याला नाही. 180 ग्रॅमच्या तबकडीवर पैसे घालू नका, जाडीने ग्रूव्ह सुधारत नाही, ते पैसे पुठ्ठ्याच्या जाड खोक्यावर घाला कारण कुरियरमध्ये कोपरे हमखास चेपतात. आणि टेस्ट प्रेसिंग आलं की एका भारी टर्नटेबलवर ऐकून होकार देऊ नका, स्वस्तातल्या, जुन्या सुईच्या मशीनवरही प्रत्येक साईडची शेवटची पाच मिनिटं ऐका, तिघांनी, आणि मगच ऑर्डर पक्की करा.